साखरपुडा का मोडला, हे विचारायला मेळघाटात

या ब्लॉगवर जंगलांबद्दल मी पुष्कळ लिहिलंय आणि दर वेळी खाली कुणीतरी विचारतंच, ताई, तुम्ही पहिल्यांदा जंगलात कधी गेलात? उत्तर द्यायचं मी टाळत आले. कारण पहिल्यांदा गेले ती वाघ बघायला गेलेच नव्हते. माझा साखरपुडा मोडल्याचं पत्र आलं होतं आणि तो का मोडला हे विचारायला मी आणि माझे वडील मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात गेलो होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. या उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या काही जणांनी रस्त्याची माहिती मागितली आहे, आणि तो रस्ता मला त्या प्रवासाशिवाय सांगता येत नाही. तेव्हा आज सगळंच सांगते.

मी तेव्हा बावीस वर्षांची. डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत शेळगावात घरी बसलेली. बारामतीहून इंदापूरला जाताना शेळगाव लागतं. वडील एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झाले होते. घरी-दारी सगळे त्यांना तात्या म्हणत. कन्हेरीच्या मिलिंदशी माझा साखरपुडा पावसाळ्याआधी झाला होता. मिलिंद वनरक्षक होता. आपल्याकडे जागा नव्हती म्हणून त्याची पहिली नेमणूक थेट मेळघाटात झाली होती. मी त्याला दोनदाच पाहिलं होतं. एकदा बघायच्या कार्यक्रमात आणि एकदा साखरपुड्यात. दुसऱ्या वेळी आम्हाला बोलायला पाच मिनिटं मिळाली, ती सगळी त्याने शेकरू नावाच्या मोठ्या खारीबद्दल सांगण्यात घालवली. मला ते बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत तात्यांच्या नावाने आंतरदेशीय पत्र आलं. चारच ओळी होत्या. लग्न करायचा विचार नाही, मुलीचा काही दोष नाही, माझी अडचण आहे, साखरपुडा मोडला असं समजावं. तात्यांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, खिशात ठेवलं आणि सायकल धुवायला घेतली. धुतलेली सायकल परत धुतली. आई चुलीपाशी बसून म्हणाली, "लोकं म्हणतील पोरीतच काय तरी हाय."

तसंच झालं. आठ दिवसांत गावातल्या बायका माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागल्या. तात्या रात्री अंगणात फेऱ्या मारत. शेवटी एके सकाळी म्हणाले, "पत्रानं जोडलं नव्हतं, पत्रानं तुटायचं न्हाय. मी जाऊन तोंडावर इचारून येतो."

"मी पण येते," मी म्हटलं.

आई म्हणाली, "पोरीनं जायचं असतंय व्हय असल्या कामाला?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "लग्न तिचं मोडलंय," ते म्हणाले. "तिकीट काढायला मी हायच."

पहिला दिवस: शेळगाव, कन्हेरी, मग औरंगाबाद

मार्चचा शेवटचा आठवडा होता. सकाळच्या पहिल्या गाडीने बारामतीला आलो. स्टँडवरून रिक्षाने कन्हेरीला मिलिंदच्या घरी गेलो. त्याला वडील नव्हते. आई एकटीच होती, गुडघ्यांनी अधू झालेली. जयभीम घालून आम्ही बसलो आणि तात्यांनी पत्राचं सांगितलं. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बराच वेळ पदराचं टोक चोळत राहिली.

"दिवाळीला येतो म्हनला, आला न्हाय," ती म्हणाली. "पत्रं येत्यात. पर अक्षर त्याचं न्हाय, तात्या. मला वाचाया येत न्हाय, पर लेकाचं अक्षर वळखू येतं."

ते ऐकल्यावर मला बसवेना. दुसऱ्याकडून पत्र लिहून घेणारा माणूस एक तर खोटारडा असतो नाही तर आजारी, असं माझ्या मनात घोळायला लागलं, आणि यातलं कुठलं निघालेलं बरं हे ठरेना.

परत बारामतीला येऊन दौंड, काष्टी, नगर करत औरंगाबादला जाणारी गाडी धरली. आताच्या लोकांसाठी सांगते: स्वतःची गाडी असेल तर बारामतीहून पहाटे निघून अंधार पडायच्या आत अकोला गाठता येतं. तेव्हा एसटीने परतवाड्यापर्यंत पुरते दोन दिवस लागत. तात्यांना पास होता, फक्त माझं तिकीट काढायचं. पण पास असूनही तात्या पाहुण्यासारखे बसेनात. प्रत्येक थांब्यावर उठायचे, दाराशी जाऊन उतरणाऱ्या म्हाताऱ्यांचे बोचके खाली द्यायचे. काष्टीच्या पुढे त्यांनी सवयीने दोरी ओढून डबल बेल दिली आणि गाडी सुटली. खरा कंडक्टर मागून ओरडला, "ओ काका, अजून बाया चढत्यात."

तात्या ओशाळून जागेवर येऊन बसले. "हात गेला," म्हणाले. नगर येईपर्यंत त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

नगरच्या स्टँडवर आम्ही घरून आणलेली भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. औरंगाबादला तात्यांच्या जुन्या जोडीदाराकडे मुक्काम केला. त्यांच्या बायकोने विचारलं, मुलगी कशाला घेऊन निघालात? तात्या म्हणाले, "जंगल बघायचंय म्हनली." मी मान खाली घालून वरण-भात खाल्ला.

दुसरा दिवस: उन्हातून वऱ्हाडात

सकाळी सहाला निघालो. जालना, चिखली, खामगाव करत अकोला. चिखलीच्या पुढे ऊन असं तापलं की खिडकीच्या पट्टीला हात लागला तर भाजायचा. या रस्त्याने मार्चनंतर जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या आणि खामगावच्या स्टँडवर शेगावची कचोरी खा. आम्ही दोघांत तीन खाल्ल्या. त्या सबंध प्रवासात पोटभर गेलेली तेवढीच गोष्ट.

अकोल्यापासून भाषा बदलली. आमच्या बाकावर एक आजी येऊन बसल्या. "कुठी चालली वो माय?" त्यांनी विचारलं. परतवाड्याला, म्हटलं. "मायरी का सासरी?" तात्याच म्हणाले, "अजून ठरायचंय." आजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

अकोट, अंजनगाव करत संध्याकाळी परतवाड्याला पोचलो. मेळघाटात शिरायच्या आधीचं हे शेवटचं मोठं गाव. औषधं, टॉर्चचे सेल, बिस्किटं, जे लागेल ते इथेच घ्यायचं. ते अजूनही खरं आहे. स्टँडसमोर एका साध्या लॉजमध्ये खोली मिळाली. खाली चहाच्या टपरीवर तात्यांनी उद्याच्या गाडीची चौकशी केली.

"धारणीची गाडी सकायी हाये," टपरीवाला म्हणाला. "कुठी उतरनार?"

"सेमाडोहला. तितं आमचे पावणे हायेत. गार्ड."

"कोन्ता गारड?"

"मिलिंद. बारामतीकडचा."

टपरीवाल्याने गाळणी तशीच हातात धरली. "थो? अस्वलीनं धरला होता थो?"

मी विचारलं, "कधी?"

"दिवायीच्या आंधी. नाल्यात पिलावाली अस्वल होती म्हनतात. तोंडच फाडलं त्याचं. इथूनच नेला जीपमंदी, आमी सारे पाह्याले गेलो होतो. वाचला बापा." मग आमच्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "तुमाले माईत नोतं का जी?"

तात्यांनी चहाचे पैसे ठेवले. चहा तसाच राहिला. जिना चढताना ते मध्येच थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या बारामतीची गाडी बघू का? तू म्हणशील तसं."

"सेमाडोहची बघा," मी म्हटलं. खोलीत गेल्यावर मी पिशवीतली चादर अंथरली आणि पडले. मी त्या मुलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दोनदाच पाहिलेला. मला फक्त त्याची कॉलर आठवली.

तिसरा दिवस: सिपनेच्या काठी

परतवाडा सोडला की थोड्याच वेळात घाट लागतो. वळणावर वळणं. पोट नाजूक असेल तर पुढच्या बाकावर बसा. मार्च संपताना मेळघाट हिरवा नसतो, हे कुणी सांगत नाही. सागाची पानं गळून गेलेली, डोंगर राखाडी, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. मला ते जंगल ओकंबोकं वाटलं. यासाठी माणूस इथे राहतो, असं मनात आलं.

सेमाडोहला उतरलो. नाक्यावर नावं लिहिली, परवानगीची चिठ्ठी घेतली. तिथल्या बाबूने वायरलेसवर मिलिंदच्या चौकीला निरोप दिला आणि तासाभराने आम्हाला न्यायला एक म्हातारा कोरकू आदिवासी आला. अंगात खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला, खांद्यावर कुऱ्हाड. सोमाजी त्याचं नाव. तो मिलिंदच्या बीटवरचा, म्हणजे त्याच्या राखणीच्या हद्दीतला, मजूर होता.

"साहब को बताया नहीं, कौन आया," तो हिंदीत म्हणाला. "बताता तो जंगल में निकल जाता."

चौकी तिथून चार किलोमीटर होती. सिपना नदीच्या काठाकाठाने वाट होती. पाणी कमी झालेलं, ठिकठिकाणी डोह उरलेले. वाळलेल्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. सोमाजीच्या पायांचा मात्र येत नव्हता. एका ठिकाणी तो थांबला आणि वर बोट केलं. उंच झाडावर मांजराएवढी तांबूस खार शेपटी लोंबकळत सोडून बसली होती. शेकरू. मला रडू आलं आणि ते तात्यांना दिसू नये म्हणून मी चपलेतला खडा काढायला खाली बसले.

चौकी म्हणजे दोन खोल्या, कौलं आणि पुढे पडवी. मिलिंद बाहेर बादलीत कपडे पिळत होता, आमच्याकडे पाठ करून. सोमाजीने हाक मारली. तो वळला.

मी लपवून लिहिणार नाही. डाव्या कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडं ओढून शिवल्यासारखं होतं. गालाचं मांस कमी होतं. डावा डोळा शाबूत होता, पण पापणी पुरती मिटत नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. पत्रांतलं अक्षर त्याचं नव्हतं ते त्यामुळे.

"तुम्ही कशाला आलात?" तो म्हणाला. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्याने ओला टॉवेल उचलून तोंडावर धरला.

तात्या पुढे झाले. एसटीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, हजारो अनोळखी लोकांशी बोललेला. पण तेव्हा त्यांनी नुसता घाम पुसला. शेवटी म्हणाले, "पाणी दे की आधी. चालून आलोय."

तो आत गेला आणि तांब्या घेऊन आला. टॉवेल मात्र तसाच होता.

"काढा तो," मी म्हटलं. "दोन दिवस गाडीत बसून आलोय."

त्याने टॉवेल काढला. मी बघितलं. नजर वळवायची नाही एवढंच ठरवलं होतं, तेवढं केलं.

दुपारी सोमाजीच्या बायकोने मक्याच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवली. जेवताना मिलिंदने सगळं सांगितलं. नाल्यात पाणवठा तपासायला एकटाच गेला होता. अस्वलाची मादी समोर आली, पळायला जागाच नव्हती. सोमाजी आवाज ऐकून धावत आला, कुऱ्हाड झाडावर आपटत ओरडत राहिला, तेव्हा ती गेली. मग दोन महिने दवाखाना. आईला कळवलं नाही, कारण कळलं असतं तर ती त्या गुडघ्यांनी इथवर आली असती.

"आणि आमाला?" तात्यांनी विचारलं.

"तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता," मिलिंद म्हणाला. "दिलेला शब्द म्हणून पोरगी दिली असती. मला तसं नको होतं."

तात्यांचा घास हातातच राहिला. बरोबरच बोलला होता तो.

त्या दिवशी संध्याकाळी मी पडवीत बसून होते आणि एक मिनिट स्वस्थ वाटलं नाही. कुठेतरी भेकर नावाचं हरीण कुत्र्यासारखं भुंकायचं. माकडं ओरडायची. मध्येच सगळं गप्प व्हायचं, ते जास्त वाईट. आमच्याकडे रात्री उसाच्या गाड्या चालतात, पंपांचा आवाज असतो, कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू असतो. इथे कानाला धरायला काहीच नव्हतं.

चौथा दिवस: ठसा आणि मोहाची फुलं

पहाटे उजाडताच मिलिंद निघाला. वाघाच्या पावलांचे ठसे उतरवायचं काम त्याच्याकडे होतं. तात्यांनी विचारलं, आम्ही आलो तर चालेल का? तो जरा थांबला, मग म्हणाला, "माझ्या मागे राहायचं. मी थांबलो की थांबायचं."

तेव्हा कॅमेरे नव्हते. नदीकाठच्या वाटेवर बारीक माती पसरून ठेवलेली असायची. सकाळी त्यात पावलं शोधायची. सापडलं की त्यावर लाकडी चौकटीची काच ठेवायची, काचेवर पेनने ठशाची रेघ काढायची, मग ती कागदावर उतरवायची. त्या दिवशी ठसा मिळाला. ताटलीएवढा. मिलिंदच्या कालच्या बुटाच्या ठशावर तो बरोबर मध्ये पडला होता.

"म्हंजे तुझ्या मागनं गेला?" तात्यांनी विचारलं.

"रोज जातो. किंवा मी त्याच्या मागनं जातो."

वाकडी बोटं घेऊन तो काचेवर रेघ काढत होता. हात हलू नये म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. मी बाजूला बसून कागद धरला. आमचं त्या अर्ध्या तासात सहा-सात शब्द बोलणं झालं असेल, कागद इकडे घ्या, वारा आला, एवढंच. पण मला त्या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा जरा शांत वाटलं.

परत येताना मोहाच्या झाडांखालून वाट होती. जमिनीवर पिवळट फुलांचा सडा पडला होता, गोडसर वास सुटला होता. मोहाची फुलं वेचायला पहाटे कोरकू बायका येतात आणि अस्वलंही येतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मिलिंद एकदम थांबला. आम्हीही थांबलो. पुढे साठ-सत्तर पावलांवर एका झाडामागे काहीतरी काळं हललं. मग ते वळलं. पांढुरकं तोंड, छातीवर पांढरी खूण. अस्वल फुलं खात होतं. त्याने नाक वर करून आमच्या दिशेने वास घेतला.

मिलिंदने दोन्ही हात मागे पसरून आम्हाला आड घेतलं. त्याची मान माझ्यासमोर होती. तिच्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, सकाळच्या गारव्यात. हात इतके थरथरत होते की ठशांच्या काचेची चौकट खडखडत होती. पण तो जागचा हलला नाही. अगदी बारीक, सपाट आवाजात म्हणाला, "तात्या, मागे. एकेक पाऊल. पाठ दाखवायची नाही."

आम्ही मागे सरकलो. तात्या माझा दंड धरून पुटपुटत होते, "मागं सरा, सावकाश, मागं सरा." गर्दीच्या गाडीत असंच म्हणत असतील. वळणापर्यंत तसेच गेलो. अस्वलाने पुन्हा तोंड फुलांत खुपसलं.

वळणाच्या पलीकडे मिलिंद खाली बसला आणि ओकला. तात्यांनी बाटलीतलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं, तोंडावर मारलं.

"रोज असं होतं?" मी विचारलं.

"अस्वल रोज दिसत नाही," तो म्हणाला. "पण पानं वाजली की असंच होतं. रोज."

"आन तरी रोज जातोस?" तात्या म्हणाले.

"जातो."

मग त्याने स्वतःहून सांगितलं. दवाखान्यात असतानाच साहेबांनी विचारलं होतं, पुण्याकडे बदली करून देऊ का म्हणून. जागाही होती. इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या माळावर. तिथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत, अस्वल नाही. त्याने नको म्हटलं होतं.

कडबनवाडी आमच्या शेळगावपासून सायकलवर जायच्या अंतरावर आहे.

माझ्या डोक्यात सणक गेली. आदल्या दिवसापासून मी त्या चेहऱ्याकडे बघायला स्वतःला शिकवत होते, आणि लग्न चेहऱ्यामुळे मोडलंच नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला घराजवळ येता येत होतं," मी म्हटलं. "आणि तुम्ही आला नाहीत."

"आत्ता गेलो तर भिऊन गेलो असं होईल," तो म्हणाला. "भीती आहेच. ती जाईल म्हणून थांबलोय असंही नाही. पण भिऊन जायचं नाही. आणि इथे तुम्हाला कसं आणू? तुम्ही काल संध्याकाळी कशा बसला होतात ते बघितलं मी."

"मला विचारायला पाहिजे होतं."

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. "पण विचारायला पाहिजे होतं. माझ्या वतीनं नाही म्हणायचं काम तुमचं नव्हतं."

त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते पापणी मिटत नसल्यामुळे येतं हे मला एव्हाना कळलं होतं, तरी त्या वेळी खात्री वाटली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "चुकलं माझं."

तात्या दहा पावलांवर आमच्याकडे पाठ करून उभे होते. चौकीकडे चालताना ते मला एवढंच म्हणाले, "ह्यो माणूस खोटं बोलत न्हाय. बाकी तुझं तू बघ."

पाचवा दिवस: परतीची गाडी

सकाळी मिलिंद आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. चालताना त्याने पुढे काय ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला काय ते ठाऊकच नव्हतं. एवढंच म्हटलं, "आईला खरं कळवा. स्वतःच्या अक्षरात." तो हो म्हणाला.

धारणीकडून गाडी आली. तात्या सवयीने पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. मी अगदी मागच्या बाकावर, मागच्या काचेतून बघत. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, वळण येईपर्यंत दिसला. वळण संपलं तरी मी मागेच बघत होते. गाडीने करकचून ब्रेक मारला. पुढे गलका झाला. मी उठून पळत पुढे आले तोवर रस्ता रिकामा होता, फक्त उजवीकडची झुडपं हलत होती.

"वाघ," तात्या म्हणाले. ते उभे होते, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून. "ह्या बाजूनं त्या बाजूला. आपल्याकडं बघितलं सुदीक न्हाय त्यानं."

तेव्हा मेळघाटात वाघ दिसेल या हिशेबाने जाणाऱ्यांना सांगते. तिथे वाघ क्वचित दिसतो. दिसलाच तर तीन सेकंद दिसतो, आणि त्या तीन सेकंदांत तुमचं लक्ष दुसरीकडे असू शकतं. मला पहिला वाघ दिसायला पुढे चार वर्षं लागली.

घर

सातव्या दिवशी संध्याकाळी शेळगावात पोचलो. कन्हेरीला थांबून मिलिंदच्या आईला आम्ही सांगितलं होतं. ती रडली, मग उठून चूल पेटवली आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमच्या अंगणात शेजारचे जमले होते. तात्यांनी त्यांना वाघ सांगितला. लग्नाबद्दल कुणी विचारलं की परत वाघ सांगितला.

मला घरात करमेना. अंथरुणावर पडले की कान वाळलेल्या पानांकडे लागायचे आणि ऐकू यायचा तो शेजारचा पंप. मनात जे राहिलं होतं ते सुखाचं नव्हतं. काचेवर रेघ काढतानाची ती अर्ध्या तासाची शांतता राहिली होती, आणि चौकट खडखडत होती तरी तो जागचा हलला नाही ते. बाकी सगळी धास्ती. मला त्याची नुसती दया येतेय का, हे स्वतःला दहा वेळा विचारलं. दया आली होती ती टॉवेल धरला तेव्हा. कडबनवाडीचं ऐकल्यावर राग आला, आणि ज्याच्यावर असा राग येतो त्याची दया उरत नाही, एवढं मला समजत होतं.

परत आल्याच्या चौथ्या दिवशी आई गहू निवडत होती. मी समोर बसले. तिने सूप खाली ठेवलं.

"त्वांड लई खराब झालंय का?"

मी जसं होतं तसं सांगितलं. गाल, पापणी, बोटं, सगळं. काही कमी केलं नाही.

"तुला चालंल?"

"तोंड चालेल. जंगलाचं माहीत नाही. परतवाड्याला खोली घेऊन राहता येईल, तिकडच्या जिल्ह्यात नोकरीला अर्ज करता येईल. तसं त्याला मी लिहिते. तो रविवारचा येईल."

"आन न्हाय आला एखाद्या रविवारी?"

"मग मी जाईन सेमाडोहच्या गाडीनं."

आईने सूप परत उचललं, दोन खडे काढून टाकले. "बाया इचारत्यात रोज," ती म्हणाली. "काय सांगू त्यास्नी?"

"लग्नाची तारीख सांग," मी म्हटलं.